सहा तास दहा मिनिटं

आमचे हे बसस्थानकावर कंट्रोलर. कुठली गाडी कधी सुटणार आणि कधी पोहोचणार, हे माइकवरून सांगणं त्यांचं काम. सव्वीस वर्षांत एकदाही चुकीची वेळ सांगितली नाही, याचा केवढा तोरा! घरीसुद्धा "चहा होतोय" म्हटलं की "किती मिनिटांत?" अशा माणसाशी संसार म्हणजे डोक्याला ताप.

माझे धाकटे दीर अगदी उलटे. पाट्या रंगवायचे. दोन दिवसांचं काम आठ दिवस चालायचं, आणि गिऱ्हाईक भांडायला आलं की मलाच पुढे करायचे. "वहिनी, तुम्ही तोंड उघडलंत की समोरचा गार," म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत जात होते. त्यांना लहानाचं मोठं मीच केलं.

त्यांचं लिव्हर निकामी झालं तेव्हा आमच्याकडच्या डॉक्टरांनी हात टेकले. ते बदलायलाच हवं होतं, आणि तसं ऑपरेशन फक्त मोठ्या शहरात व्हायचं. घरातल्या कुणाचंच जुळलं नाही. म्हणून मरण पावलेल्या कुणाचं तरी मिळावं यासाठी यादीत नाव लावायला आम्ही तिघं गेलो.

यादीचं काम एक बाई पाहायच्या. लहानशी खोली, भिंतीला टेकून फायलींचे गठ्ठे. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, "फोन आला की चार तासांत पोहोचाल ना?"

"सहा तास दहा मिनिटं," हे म्हणाले.

बाईंनी पेन तसंच धरलं. "स्वतंत्र गाडी केली तर? पहाटे रस्ता रिकामा असतो."

"मग पाच चाळीस. घाटात पाऊण तास जातोच."

"जवळपास कुणी नातेवाईक असतील की. त्यांचा पत्ता चालेल." बाई आता माझ्याकडे बघत होत्या. मी टेबलाखालून ह्यांच्या पायावर पाय दिला.

"इथे कुणी नाही हो आमचं. उगाच खोटं कशाला सांगू?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग जवळ खोली घ्या. भाडेकरार आणलात की नाव चालू करते. तोवर माझ्या हातात काही नाही." बाई वाईट नव्हत्या. नियम काही त्यांनी केला नव्हता.

बाहेर आल्यावर मी ह्यांना फैलावर घेतलं. खोटा पत्ता दिला असता तर वेळेत पोहोचलो असतो का, कोण जाणे. पण नाव तरी लागलं असतं! भाऊजीच मध्ये पडले. "जाऊ द्या वहिनी. दादाच्या तोंडून चुकीची वेळ निघाली असती तर मी तिथेच चक्कर येऊन पडलो असतो." मला हसूही आलं आणि रडूही.

खोली मिळायला अकरा आठवडे लागले. आजारी माणूस म्हटलं की दार लागायचं. एकाने तर तोंडावर सांगितलं, "इथे काही बरंवाईट झालं तर पुढे कोण राहायला येईल?" ह्यांना रजा मिळेना. सुट्टीच्या दिवशी जायचं, बारा तास प्रवासात, तीन तास वणवण. शेवटी एका लाँड्रीच्या वरची खोली मिळाली. करार हातात आला आणि चौथ्या दिवशी भाऊजींना रक्ताची उलटी झाली.

दवाखान्याने अँब्युलन्स दिली. भर दुपार होती. भाऊजी स्ट्रेचरवर, मी उशाशी, आणि करार ठेवलेली पिशवी पोटाशी धरून हे पायाशी.

"दादा, किती राहिलं?" भाऊजींनी विचारलं.

ह्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. घाट अजून लागलासुद्धा नव्हता. साडेतीन तास तरी बाकी होते, मलाही कळत होतं.

"दहा मिनिटं," हे म्हणाले.

"नक्की?"

"नक्की रे. ते बघ, हॉस्पिटल दिसायला लागलं."

भाऊजींनी मान हलवली आणि डोळे मिटले. दादाची वेळ कधी चुकत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. घाट चढताना माझ्या हातातला त्यांचा हात गार पडला.

हे त्यांचे तळपाय चोळत "आलोच, आलोच" म्हणत राहिले. मला ह्यांची कीव आली, आणि कीव आली त्याहून जास्त राग आला. बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलंच.

"येतं की तुम्हाला खोटं बोलता."