कुवेतची ओळ

मी शाळेतला फळा नव्हे. पाढे, सुविचार, पटसंख्या यांतलं काहीच माझ्या अंगावर कधी उमटलं नाही. मी सुट्ट्यांचा फळा आहे. जगातला कुठला बाजार आज बंद, एवढंच मी आयुष्यभर सांगत आलो. त्यातली एकच सुट्टी सांगायची राहून गेली, आणि तेच माझं दुःख आहे.

मुंबईच्या एका तेलबिया बाजारात माझा जन्म झाला. सुताराने काळा रंग दिला आणि डाव्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत गावं लिहिली: मुंबई, लंडन, न्यूयॉर्क, रॉटरडॅम. पुढची जागा खडूसाठी मोकळी. ती भरायचं काम वसईकडच्या भुईगावच्या ऑगस्टीन कारकुनाकडे होतं.

दलाल सकाळी आले की आधी मला बघायचे, देवाच्या तसबिरीला नंतर. नाताळच्या दुसऱ्या दिवशी लंडन बंद पण न्यूयॉर्क चालू. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सगळी अमेरिका सणाच्या जेवणाला बसलेली, म्हणून न्यूयॉर्क बंद. दिवाळीत आमचा बाजार बंद, तरी मुहूर्तापुरता तासभर उघडा. ऑगस्टीनला हे सगळं तोंडपाठ. बायकोचा वाढदिवस कधी, असं दलाल मुद्दाम विचारायचे, तेव्हा मात्र तो डोकं खाजवायचा.

सत्तरच्या दशकात सरकारने वायद्याचे सौदे थांबवले आणि आमचा बाजार ओस पडला. खुर्च्या-टेबलं विकली गेली. ऑगस्टीनने मला मागून घेतलं, गोणपाटात गुंडाळलं आणि भुईगावच्या घरी ओटीवर टांगलं. बाजारच नाही तर हा फळा काय चाटायचाय, असं त्याची बायको सेलिन म्हणाली. पण दर शनिवारी ओल्या फडक्याने मला पुसायची तीच. ऑगस्टीन मात्र केळीला पाणी सोडण्याआधी रोज माझ्यावर लंडन-न्यूयॉर्कचं बंद-चालू लिहायचा. जित्याची खोड, दुसरं काय!

त्यांचा एकुलता एक मुलगा कॉन्रॅड कुवेतला नोकरीला गेला. कुवेत माझ्यावर नव्हतं, कारण आमच्या बाजाराचा त्या गावाशी कधी संबंधच आला नव्हता.

ब्याऐंशी साली सेलिनचं काळीज थकलं. डॉक्टरांनी हात टेकल्यासारखंच केलं होतं. तिला एकच ध्यास होता, लेकाचा आवाज ऐकायचा. घरात फोन नव्हता. समोरच्या काशिनाथकडे, केळीच्या व्यापाऱ्याकडे होता. कॉन्रॅडचं पत्र आलं. ऑगस्टीनने माझ्याखालीच बसून ते मोठ्याने वाचलं: 'पुढल्या महिन्यातल्या पहिल्या सुट्टीला, मिस्सा झाली की, तुमच्या बाराच्या सुमारास काशिनाथकाकांकडे फोन करतो. आयला घेऊन या.'

सुट्टी आणि चर्चमधली मिस्सा! भुईगावात याचा अर्थ रविवार, हे कुणाला विचारावं लागत नाही. ऑगस्टीनने माझ्या कोपऱ्यात लिहिलं, 'रविवार, बारा वाजता, कॉन्रॅड.' सेलिन किती दिवसांनी हसली.

'आयतारी मना लवकर उठवा,' ती म्हणाली. 'केस बांधायचेत.'

फोनवर केस दिसतात का, म्हणून ऑगस्टीनने तिची थट्टा केली. रविवार मोकळा हवा, म्हणून डॉक्टरकडची खेप त्याने शुक्रवारीच उरकायचं ठरवलं. शुक्रवारी सकाळी दोघं टांग्याने वसईला गेली आणि दाराला कुलूप लागलं.

बाराच्या सुमारास काशिनाथ धावत आला. कुलूप पाहून तसाच उभा राहिला, हाका मारल्या, परत पळाला. मला सगळं कळत होतं. मला तोंड असतं तर!

संध्याकाळी कॉन्रॅडचा फोन येऊन गेल्याचं काशिनाथने सांगितलं तेव्हा ऑगस्टीन त्याच्यावरच चिडला. आज तर शुक्रवार आहे, म्हणाला.

'दादा, तिकडं शुक्रवारचीच सुट्टी असते,' काशिनाथ हळू बोलला. 'मिस्सापण शुक्रवारीच. पुढच्या शुक्रवारी परत करतो म्हणालाय.'

साऱ्या जगाच्या सुट्ट्या ज्याला पाठ, त्याला ही एकच ठाऊक नव्हती. मग त्याने रॉटरडॅमच्या खाली खडूने नवी ओळ लिहिली: 'कुवेत: शुक्रवारी बंद.' माझ्यावर त्याने लिहिलेलं हे सगळ्यात वाकडं अक्षर.

सेलिन दिवस मोजत होती. मंगळवारी तिने स्वतःचे केस स्वतः विंचरले. बुधवारी पहाटे ती गेली. तिला शुक्रवारपर्यंत दोनच दिवस हवे होते, आणि ते तिला कुणी देऊ शकलं नाही.

कुवेतला तार केली होती. ती पोचली नव्हती हे शुक्रवारी कळलं. बाराला काशिनाथ बोलवायला आला. ऑगस्टीन स्वच्छ सदरा घालून गेला आणि थोड्या वेळाने काशिनाथचा हात धरून परतला. कॉन्रॅड काय बोलला ते दाराशी जमलेल्यांना काशिनाथनेच सांगितलं. पोरगा पहिलंच वाक्य बोलला होता, 'आयला द्या.'

या गोष्टीला पाच वर्षं झाली. माझा रंग उडालाय, एका कडेला वाळवी लागलीय. लंडन-न्यूयॉर्कचं बंद-चालू आता कुणी लिहीत नाही. तुमचं माणूस लांब असेल तर बाबांनो, त्याला तिथे सुट्टी कधी असते ते आधी विचारा. तुमचाच रविवार धरून बसू नका.

ऑगस्टीन आता थकलाय. पण शनिवारी ओलं फडकं घेऊन येतो आणि मला वरपासून पुसतो. कुवेतच्या ओळीपाशी आला की हात थांबवतो, फडकं पिळतो आणि आत जातो.