कळव्याच्या पुलावर बंद पडणारी

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो. बाळकुमला खाडीकाठी, जाळी वाळत घालतात तिथे उभी असते. माझी हकिकत ऐकून रडू आलं तर खुशाल रडा. मला आता येत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी लालभडक होते. कोपरच्या एका साहेबांनी दर रविवारी धुऊनपुसून वापरलं आणि नवी स्कूटर आली तशी मला विकून टाकलं. सत्त्याऐंशीच्या सुमारास गोमाजी कोळ्याने मला घेतलं. काम एकच. पहाटे त्याच्या बायकोला, सगुणाला, मासळीच्या पाटीसकट कळव्याच्या बाजारात पोचवायचं. तिथली जागा तिच्या सासूची, आवडाबाईची. त्या बाजाराची एक रीत होती. दिवस वर येईपर्यंत जिची पाटी लागली नाही, तिची जागा दुसरीने कायमची घ्यावी. एखादा दिवस चालवून घेत, रोज नाही. आम्ही कधी चुकलो नाही. "माझी लक्षुमी हाय गो ही!" म्हणत गोमाजी टाकीवर थाप मारायचा. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग काय झालं कुणास ठाऊक, मी कळव्याच्या पुलावर बंद पडू लागले. किक मारून मारून गोमाजीचा पाय भरून यायचा. सगुणा पाटी डोक्यावर घेऊन धावत सुटायची. जगन मिस्त्रीने प्लग बदलला, कार्ब्युरेटर उघडून जेटचं बारीक भोक फुंकलं, "कचरा होता" म्हणाला. दोन दिवस बरी चालले, पुन्हा आपलं येरे माझ्या मागल्या. गोमाजीने लिंबू-मिरची बांधली. लिंबू-मिरचीने कधी इंजिन चालतं का? पण मला विचारतो कोण! शिव्या मात्र मलाच.

एका सकाळी सगुणा उशिरा पोचली, तर तिच्या जागी दुसरीची पाटी लागलेली. ती भांडली नाही. रीत तिलाही ठाऊक होती. घरी परतली तेव्हा गोमाजी अंगणात कार्ब्युरेटर उघडून बसला होता. त्याच्या खालच्या वाटीतलं पेट्रोल त्याने बशीत ओतलं. तळाशी पाण्याचे थेंब वेगळे लोळत होते. सगुणाने बोट बुडवून जिभेला लावलं. तुम्ही असलं काही करू नका हं!

"अवो, ह्या त खारा लागतंय!"

घरात कॅन एकच. त्यातच होडीचं डिझेल, त्यातच माझं पेट्रोल. डिझेल संपलं की गोमाजी तो कॅन खाडीत खळबळून घ्यायचा, जाळी आणि पाट्या धुतो तसाच. वाळवायचा मात्र नाही. उरलेलं पाणी माझ्या पोटात.

"खाडीचा पानी कवा वंगाल नसतं," गोमाजी म्हणाला.

"होडीला नसंल. गाडीला हाय. सासूची जागा गेली माझी."

गोमाजीने उठून माझ्या टाकीचं झाकण उघडलं.

टाकी रिकामी करून धुतली, वेगळा कॅन आणला. त्या दिवसापासून मी एका किकमध्ये सुरू होते. मित्रांनो, गाडी अडली तर तिला लाथा घालण्याआधी तिच्या पोटात काय ओतलंत ते बघा. आणि वेळेवर बघा. सगुणा आता बाळकुममध्येच दारोदार मासळी विकते, पायी. माझ्यावर बसत नाही. गोमाजी रोज पहाटे मला किक मारतो. मी लगेच सुरू होते. तो थोडा वेळ हँडल धरून उभा राहतो, आणि बंद करतो.