फेब्रुवारीचं पान

बायको, सुगंधा, गेली हे चंद्रप्रकाशला वॉर्डातल्या आयाबाईने सांगितलं. तो तिच्यासाठी खालून चहा घेऊन येत होता. ग्लास हातात तसाच. "आता हा कुणाला द्यायचा?" त्याने आयाबाईलाच विचारलं. तिने घेतला आणि उभ्या उभ्या प्यायली. त्याला बरं वाटलं.

तेरावं झाल्यावर भटवाडीतलं घर धुवायला काढलं. शेजारची प्रेमा पदर खोचून आली. मांडणीवरचे डबे उतरवले. डब्यांखाली सुगंधाने कॅलेंडरची जुनी पानं अंथरली होती. तारखा वर, पाठची बाजू खाली. तेलापिठाने मळलेली.

"भावजी, ह्याचं काय करू? झुरळं अंडी घालतात ह्यात."

"टाक सगळं. सुतकातलं काही नको घरात."

पानं त्यानेच पिशवीत कोंबली आणि खाली कचऱ्याच्या गाडीत टाकली.

दोन दिवसांनी पेज करायला त्याने मिठाची बरणी उचलली. बुडाला एक पान चिकटलं होतं. जानेवारी. सोलून काढलं तर मागे अक्षर दिसलं. सातवी शिकलेल्या सुगंधाचं, लांब काने ओढलेलं.

'अक्षताचं खरं कुणाला सांगितलं नाही. हे शिमग्याला गावी गेले होते. पोर तीन वर्षांची, अंगात ताप. कडेवर घेऊन बस धरली. पोर बसमध्येच गेली. मला कळलं. पण ओरडले असते तर लोकांनी खाली उतरवलं असतं, म्हणून पदराखाली धरून बसले. बाजूची बाई म्हणाली, गाढ झोपली गं. मी म्हटलं, हो. दवाखान्यापर्यंत तशीच गेले. तिसऱ्या दिवशी खानावळीच्या चपात्या लाटायला बसले. सगळं निभावलं. पण हे आल्यावर एकच विचारत राहिले, तार का नाही केलीस? तेव्हा बोलता आलं नाही. आता लिहिते. चंद्रप्रकाशना तार केली नाही कारण'

पान तिथे संपलं होतं. पुढचं फेब्रुवारीच्या मागे असणार, आणि ते कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं.

जन्मात तिने त्याचं नाव घेतलं नव्हतं. मतदारयादीवाला आला तरी प्रेमाला पुढे करायची. आणि तो? भांडण मिठावरून निघो की चाव्यांवरून, पस्तीस वर्षं तो तिथेच येऊन थांबायचा. पोरीचं तोंड मला बघू दिलं नाहीस.

त्याने बोरिवलीला दिशाला फोन लावला. धाकटी लेक. पान वाचून दाखवलं.

"ती काहीतरी लिहायची, ठाऊक होतं मला," दिशा म्हणाली. "म्हणायची, डबे उचलेल तो वाचेल."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही कधी डबे उचलणार होतात, बाबा?"

दिशा रडत होती.

"शिमग्याला देवाची पालखी होती ना तुमच्या खांद्यावर त्या वर्षी? सुतक कळलं असतं तर खाली ठेवायला लागली असती. त्यासाठीच असेल."

"'असेल' नको गं मला. तिने काय लिहिलंय ते पाहिजे."

सुका कचरा जिथे निवडतात त्या शेडवर तो गेला. संघमित्रा नावाची बाई ढिगापाशी बसून प्लास्टिक वेगळं करत होती.

"कॅलेंडरची पानं? बाबा, सगळा गाव कॅलेंडर टाकतो."

"मागे हाताने लिहिलंय. बायकोने."

"टाकलं कुणी?"

"मीच. परवा."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि हातमोजे पुढे केले. "घाला. काचा असतात. पण परवाचा माल मानखुर्दच्या गोदामात गेला असणार, आधीच सांगते."

संध्याकाळपर्यंत तो उपसत राहिला. एक ऑक्टोबर सापडला, तेलकट. घाईने उलटला. मागे मिठाईच्या दुकानाची जाहिरात. दुसऱ्याच कुणाचं तरी.

दुसऱ्या दिवशी तो मानखुर्दला गेला. तिथे कागदाचे गठ्ठे तारेने आवळून गाडीत चढत होते. मुकादम म्हणाला, "काका, एक गठ्ठा सोडला तर सगळे सोडायला लागतील. जा घरी." चंद्रप्रकाश त्याच्या पाया पडला. मुकादम मागे सरकला, गाडी गेली.

जानेवारी त्याने धुतलेल्या मांडणीवर परत ठेवलाय, लिहिलेली बाजू वर करून. वर डबा ठेवलेला नाही. अक्षता गेल्याची तार का आली नाही, ते अजून त्याला कळलेलं नाही. फेब्रुवारीचं पान मिळालेलं नाही.