एका बोटाचा माणूस

मी लायटर बोलतोय. गॅस पेटवायचा, अंगठ्यानं दाबला की चट् करणारा, तोच. आता मी गॅस पेटवत नाही, तो भाग वेगळा.

दर्यापूरच्या बिल्कीसबींच्या स्वयंपाकघरात मी सुखात होतो. त्यांची लेक निखत अमरावतीहून डिप्लोमा करून आली आणि माझे ग्रह फिरले. वडलांच्या, नासिरभाईंच्या, पंखे-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ती शेतातल्या मोटारीचे ऑटो डबे बनवू लागली. त्या वर्षांत वऱ्हाडात कापसाचं काही खरं नव्हतं आणि विजेचंही. एकदा बटण दाबलं की लाइट येईल तेव्हा डबा आपला आपण मोटार सुरू करायचा. सगळ्यांचे डबे झकास चालत, सत्यवतीबाईंचा सोडून.

नवरा गेल्यावर सत्यवतीबाईंनी कापूस सोडून मेथी-पालक धरलं होतं. त्यांनी बटणाला हात लावला की डबा मरायचा. दुरुस्त केला, पुन्हा मेला. त्यांचे चुलतदीर खुशालराव मात्र अनवाणी यायचे, दुरुस्त झालेल्या डब्याचं बटण दाबायचे आणि मोटार सुरू! झालं, त्यांना विषयच मिळाला.

"वयनीचा हातच तसा हाये," ते गावभर सांगत. "मशीनबी मरते!"

शेजारीण सत्यवतीबाईंच्या हातून विरजण घेईना. बाईंनी स्वतःच कशालाही हात लावणं सोडलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

निखत शेतावर गेली. थंडीचे कोरडे दिवस होते. लाइटची वाट पाहत सत्यवतीबाई खताच्या प्लास्टिकच्या पोत्यावर बसल्या होत्या. अंगावर नायलॉनची साडी, पायात प्लास्टिकची चप्पल. उठल्या तशी साडी पोत्याला चिकटून चुरचुरली. निखतच्या आग्रहावरून त्यांनी लोखंडी बटणाला बोट लावलं आणि चट्!

निखत हसलीच. हा आवाज तिनं रोज घरी ऐकला होता. माझाच की तो!

पोत्याला घासून अंगात साठलेली वीज बोटातून उडी मारते, अनवाणी माणसाची ती पायातून जमिनीत जाते, हे तिनं ओळखलं. पण खात्री करायला तशीच ठिणगी पुन्हा पुन्हा हवी. तिनं मला उचललं, माझं पोट फाडलं आणि पाइपच्या तुकड्यात बसवलं. माणसाच्या अंगात मावते तेवढीच वीज साठवणारा कपॅसिटर जोडला, एक रेझिस्टन्स जोडला, पुढे बोट म्हणून पितळी खिळा. झाला नकली माणूस! बोट एक, जीभ नाही. असा माणूस गावात किती कामाचा असतो, ते तुम्हीच सांगा.

"निखत, मेरा लायटर किधर है?" बिल्कीसबी रोज विचारत.

"अम्मी, वो इंसान बन गया."

त्या आगपेटीवर आल्या. मला अजून माफ केलेलं नाही.

मी बोट लावलं, डबा मेला. निखतनं आत ठिणगी पिणारे पार्ट घातले, बटण जाड प्लास्टिकचं केलं. आता मी कितीही टोचलं तरी डबा ढिम्म! पहिल्यांदाच हरलो आणि पहिल्यांदाच इतका आनंद झाला.

ती एक जुना आणि एक नवा डबा घेऊन शेतावर गेली. मी पिशवीत होतोच.

"वयनीले हात नको लावू देऊ," खुशालराव म्हणाले.

"मंग पहिले तुमी लावा काका. पन तुमच्या वयनीची चप्पल घाला अन् या पोत्यावर बसा."

टेरिकॉटची पँट घातलेले खुशालराव तोऱ्यात बसले, उठले आणि त्यांनी जुन्या डब्याला हात लावला. चट्! ते केवढे उडाले! डबा मेला.

"काका, तुमचा हात कावून असा?" निखतनं विचारलं.

मग आपली चप्पल घालून सत्यवतीबाई त्याच पोत्यावर बसल्या, उठल्या आणि घाबरत घाबरत त्यांनी नव्या डब्याचं बटण दाबलं. मोटार सुरू झाली. पाणी मेथीत शिरलं तरी बाईंचं बोट बटणावरच होतं.

आता मी दुकानात खिळ्याला टांगलेला असतो. प्रत्येक नवा डबा आधी माझा मार खातो. तुमच्याकडे काही बंद पडलं, तर कुणाच्या हाताला नाव ठेवण्याआधी जरा पोतं बघा, एवढीच विनंती.

परवा खुशालरावांच्या शेतात डबा बसला. निखत म्हणाली, "दाबा काका बटन."

ते बांधाकडे पाहत म्हणाले, "थांब ना जराशीक. वयनी येऊन राह्यली. तिचाच हात लागू दे."