‘माणूस पाहिजे’ म्हणणारी पाटी

मित्रांनो, खोटं बोलायला तोंड लागतं, असं तुम्हाला वाटत असेल तर माझ्याकडे बघा. मी एक जुनी लाकडी पाटी आहे. मला तोंड नाही, तरी मी नऊ वर्षं दिवसाढवळ्या खोटं बोलले.

माझा जन्म एका मोडक्या खोक्याच्या फळीतून झाला. पेंटरकाकांनी मला घासूनपुसून पांढरा रंग दिला आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, ‘माणूस पाहिजे’. वेलांटी काढताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. माणसाच्या बोटांत एवढी माया असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मागची बाजूही रंगवू का, असं त्यांनी विचारलं, तर मालक म्हणाले, मागे कोण बघतंय? ती बाजू कोरीच राहिली.

मालकांचं चपला-बुटांचं दुकान होतं. मला दाराशी टांगलं त्याच आठवड्यात त्यांना माणूस मिळाला. वर्षभराने तो गेला, तेव्हा मालकांनी एकट्यानेच भागवायचं ठरवलं, पण मला काही उतरवलं नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, माणसं कमी पडताहेत म्हणजे दुकान जोरात दिसतंय. मालकांना ते ऐकायला गोड लागायचं. नोकरी मागायला कुणी आलं की ते अर्ज लिहून घ्यायचे, ‘कळवतो’ म्हणायचे आणि तो कागद बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात टाकायचे. मालक मनाने वाईट नव्हते. तोंडावर नाही म्हणायची त्यांना भीड पडायची, एवढंच.

मग एक दिवस काम मागायला एक ताई आल्या. यंत्रात हात सापडल्यापासून त्यांचा नवरा घरी बसला होता आणि दोन मुली शाळेत होत्या. हे काम त्यांना हवंच होतं. मालकांनी अनुभव विचारला.

“दुकानाचा नाही,” ताई म्हणाल्या, “पण पायांचा आहे. बारा वर्षं दवाखान्यात पायांच्या जखमा धुतल्यात, पट्ट्या बांधल्यात. दवाखाना बंद पडला म्हणून इथे आले.”

मालकांनी हसून अर्ज लिहून घेतला आणि सोमवारी या, म्हणाले. सोमवारी तो अर्ज सापडेना, म्हणून दुसरा लिहावा लागला. पुढच्या खेपेला फोटो हवा होता. चौथ्या खेपेला मालक जेवायला गेलेले, आणि ताई माझ्याखाली दीड तास उभ्या. शेवटी जायला निघाल्या तेव्हा त्यांनी पदराने माझ्यावरची धूळ पुसली. मित्रांनो, ज्या पाटीने चार हेलपाटे घालायला लावले, तिला कोण पुसतं? मी थक्क झाले. खाली पडून जावं असं वाटलं, पण खिळा पक्का होता.

पाचव्या खेपेला ताई आल्या, तर त्यांच्या पुढ्यातच एक निवृत्त गुरुजी काखेत खोकं मारून तावातावाने दुकानात शिरले. आदल्या दिवशी त्यांनी नऊ नंबरचे बूट घेतले होते. घरी जाऊन उघडतात तो आत बुटांचा पत्ता नाही, नुसते अर्ज! गर्दीत मालक एकटे; हाताला लागलं ते खोकं बांधून दिलं होतं.

गुरुजींनी सगळे कागद टेबलावर ओतले. पंचेचाळीस होते. त्यांनी ते सगळे वाचले होते आणि मास्तरच ते, शुद्धलेखनही लाल पेनाने तपासलं होतं.

त्यात ताईंचे दोन्ही अर्ज होते. आता ताई कडाडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी आपले दोन कागद उचलले, घडी घालून पिशवीत ठेवले आणि दाराकडे वळल्या. वळताना त्यांची नजर गुरुजींच्या पायांवर गेली. त्या थांबल्या आणि तिथेच खाली बसल्या.

“गुरुजी, करंगळीपाशी दुखतं ना? नऊ तुम्हाला लांबीला जास्त होतो. आठच घ्या, पण रुंद बघून.”

मालकांनी रुंद आठ नंबर काढून दिला. गुरुजी दोन पावलं चालले. मग दुकानभर चालत राहिले. किती वर्षं ते दुखरा पाय घेऊन वर्गात उभे राहिले असतील! दोन हातांना एवढं ठाऊक असतं, हे पाहून मी दारात टांगल्या टांगल्या स्तब्ध झाले.

“उद्यापासून याल?” मालकांनी खाली मान घालून विचारलं.

“येईन. पण आधी ती पाटी काढा. आणि या बाकीच्यांना कळवा. नाही तर नाही, पण कळवा.”

मालकांनी मला उतरवलं. सगळ्यांना कळवायला आठवडा गेला. काहींचे पत्ते तोवर बदलले होते.

माझ्या कोऱ्या पाठीवर ताईंनी पावलांचे आकार काढले. मग मला दुकानात जमिनीवर पालथं ठेवलं आणि अक्षरं घासली जाऊ नयेत म्हणून खाली जुनं फडकं घातलं. आता लहानथोर माझ्यावर पाय ठेवून माप देतात, आणि दोन पाय एकसारखे क्वचितच असतात, हे पाहून मला रोज नवल वाटतं.

गेल्या महिन्यात दुकानाला खरंच माणूस हवा होता. मला सकाळी नऊला टांगलं. सहा जण आले. प्रत्येकाला बसायला स्टूल आणि प्यायला पाणी मिळालं, एकाला कामावर घेतलं आणि बाकी पाच जणांना समोरासमोर ‘नाही’ म्हणून सांगितलं. चार वाजता ताईंनी मला स्वतः उतरवलं.

मित्रांनो, पाटी टांगायला एक खिळा पुरतो. पण काम झालं की ती काढायला विसरू नका. तिच्याखाली कुणीतरी दीड तास उभं असतं.