मास्तरांच्या नावावर लिहिलेला वेळ

मित्रांनो, मी एक जुना मोजणीचा प्रोग्राम आहे. दुसरे प्रोग्राम कुठे रेंगाळतात ते शोधायचं, हे माझं काम. प्रत्येक कामाच्या दाराशी मी उभा राहतो, ते सुरू होताना एकदा घड्याळ बघतो आणि संपताना एकदा. माझ्याशी कुणी बोलत नाही. माझा तक्ता तेवढा वाचतात.

मला लिहिलं प्रोग्राम बनवणाऱ्या एका ताईनं. कुणी काहीच सांगितलं नाही तर मी काय करावं, हेही तिनंच ठरवलं. "सगळंच मोज," म्हणाली, "हात आखडता कशाला घ्यायचा?" मी भलताच शेफारलो.

रुग्णवाहिका पाठवणाऱ्या कचेरीतला प्रोग्राम जरा संथ झाला होता. ताईनं मला होतो तसाच तिथे बसवलं. त्या प्रोग्रामात एक चिमुकला तुकडा होता, घरांच्या पत्त्यांतल्या जादा रिकाम्या जागा पुसणारा. त्याचं काम पापणी लवायच्या आत व्हायचं, पण दिवसातून लाखो वेळा. दर वेळी मी आपला घड्याळ घेऊन त्याच्या वाटेत! त्याच्या कामापेक्षा माझं बघणंच लांबलं, आणि तो सगळा वेळ मी त्याच्या नावावर लिहिला. स्वतःचा वेळ मोजायला मला कुठे येत होतं?

प्रोग्राम पार रखडला. फोन घेणाऱ्या बाई रडकुंडीला आल्या. "अहो, गाडी निघत का नाही? तिकडे माणूस छाती धरून बसलाय!"

गाडी अकरा मिनिटं उशिरा पोचली. माणूस वाचला, नशीब त्याचं. कचेरीच्या साहेबांनी माझा तक्ता उघडला. सगळ्यात जास्त वेळ त्या चिमुकल्या तुकड्याच्या नावावर होता. तो तुकडा लिहिला होता कचेरीतल्या सगळ्यात वयस्क माणसानं. त्यांना सगळे मास्तर म्हणत.

"मास्तर, आता घरी आराम करा."

"मोजणी खोटं कशाला बोलेल?" एवढंच म्हणून मास्तरांनी डबा पिशवीत घातला. मला ओरडून सांगायचं होतं, पण मला तोंडच नाही.

दोन दिवसांनी ताईनं मला काढलं आणि प्रोग्राम पळायला लागला. तिचा चेहराच उतरला. तिनं माझी सवय बदलली. "बोट दाखवतील तेवढंच मोज. बारक्या कामांच्या वाटेला जाऊ नकोस. कुणी काही बोललं नाही, तर गप्प बस." मग तिनं मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, चूक माझी होती. परत या ना."

"नको गं पोरी. आता माझाच माझ्या हातांवर भरवसा राहिला नाही."

तेव्हापासून मी गप्प बसून असतो. बोट दाखवायला सहसा कुणी येत नाही. दिवस खायला उठतो, मित्रांनो. पण मी एकटा बसेन, माझ्यासाठी वाईट वाटून घेऊ नका. फक्त माझ्या तक्त्यावरून कुणाला घरी पाठवण्याआधी, एकदा मला बाहेर काढून बघा.