नेट मोजणाऱ्या गावातला जनरेटर

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा आणि मगच जवळ या. मी मोबाईलच्या टॉवरखाली बसलेला डिझेल जनरेटर आहे. वय झाले आहे, छातीत घरघर आहे आणि खोकलो की काळेच निघते. मला भेटायला हौसेने कोणी येत नाही. तुम्ही आलाच आहात, तर माझे गाऱ्हाणे ऐकूनच जा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कोणत्या, ते विचारू नका, कारण अंगावरची पाटी कोणीतरी केव्हाच उचकटून नेली. तिथून निघालो तेव्हा माझा रंग पोपटी होता, एवढे पक्के आठवते. पहिली नोकरी लागली धाराशिवच्या एका मंगल कार्यालयात. काय दिवस होते ते! ऐन मंगलाष्टकांत लाईट जायची, भटजींचा माईक बंद पडायचा, पंखे थांबायचे आणि शालू नेसलेल्या बायका एका सुरात ओरडायच्या, "जनरेटर लावा की!" मी एका दमात सुरू व्हायचो. वधूपित्याच्या जिवात जीव यायचा. एका वरमाईने तर मला हळदकुंकू लावले होते. त्यानंतर माझ्या अंगाला कोणी प्रेमाने बोट लावले असेल तर शपथ.

पुढे त्या कार्यालयाने गच्चीवर सोलर बसवले आणि मला एका कंत्राटदाराच्या गळ्यात मारले. त्याने मला टेम्पोत घालून लोहारा तालुक्यात, माकणीच्या धरणाजवळच्या एका गावात आणले आणि या टॉवरखाली बसवले. टॉवर उंच आहे म्हणून स्वतःला फार शहाणा समजतो. वीज असली की तो विजेवर चालतो. वीज गेली की थोडा वेळ बॅटरीवर आणि बॅटरी उतरली की माझ्या जिवावर. पण उपकाराचा शब्द कधी त्याच्या तोंडून निघत नाही. माझी देखभाल करतो तो गुंडाप्पा, टॉवरचा राखणदार. माणूस चांगला आहे, फक्त मला डिझेल पाजताना स्वतःच्या बिडीकडे त्याचे जास्त लक्ष असते.

या गावाला एक खोड आहे. धरण उशाशी असल्यामुळे इथे दोन माणसे भेटली की तब्येतपाणी नंतर, आधी प्रश्न, "धरण किती टक्के?" काही जण तर मुद्दाम धरणावर जाऊन पाण्याची पट्टी वाचून येतात आणि दिवसभर तो आकडा गावाला सांगत फिरतात. त्यात वाईट काही नाही. पट्टी वाचल्याने पाण्याला काही होत नाही. पण मग गावात वेगवान नेट आले आणि कोणीतरी फोनवर स्पीड टेस्ट करून दाखवली. काटा गर्रकन फिरला, आकडा पडला आणि गावाला दुसरे धरण मिळाले.

तेव्हापासून सकाळी पारावर प्रश्न ऐकू येऊ लागला, "आज नेट किती?" पारासमोर शिवशंकरचे चहाचे हॉटेल आहे. तो चहा उकळेपर्यंत एक टेस्ट लावतो आणि गाळून झाला की दुसरी. वरच्या गल्लीत साठ आले अशी बातमी आली की खालच्या गल्लीला ते मनाला लागते. मग कोणी ट्रॉलीवर चढते, कोणी पाण्याच्या टाकीवर. आकडा मनासारखा पडला नाही की शिवशंकर म्हणतो, "दमलाय काटा. जरा इसावा घेऊ द्या, मंग परत लावा."

आता तुम्ही म्हणाल, यात तुझ्या पोटात का दुखते? सांगतो. नेटचा वेग मोजायचा म्हणजे नेट पळवावे लागते. लांबच्या कुठल्या तरी शहरात यंत्रांनी भरलेल्या मोठमोठ्या खोल्या असतात. त्या थंड ठेवायलाच कितीतरी वीज लागते, काही ठिकाणी पाणीही लागते. तिथून तुमच्या फोनकडे भराभर माल सोडला जातो. त्या मालात काय असते? टॉवर सगळे वरून बघतो, त्याने मला सांगितले. काही नसते. ना गाणे, ना बातमी, ना लेकीची खुशाली. नुसते भरताड येते आणि आले तसे फेकून दिले जाते. रस्ता मोकळा आहे का ते बघायला उसाच्या ट्रॉल्या दगडांनी भरून कारखान्यापर्यंत पळवाव्यात आणि दगड तिथेच ओतून परत यावे, तसला हा प्रकार. एका टेस्टने आभाळ कोसळत नाही, हे मलाही कळते. पण अख्खे गाव चहाच्या घोटाघोटाला ट्रॉल्या पळवू लागले, की टॉवरला जोर लावावा लागतो. आणि वीज नसली, तर तो जोर माझ्या धुराड्यातून निघतो.

तो धूर जातो सरळ केशरबाईंच्या अंगणात. त्यांचे घर टॉवरच्या कुंपणाला लागून आहे. केशरबाईंनी जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केली, आता उन्हाळ्यात पापड-कुरडया करून देतात. त्यांच्या हातच्या पापडांना लोहाऱ्यापर्यंत मागणी आहे. त्या बाजेवर पांढरेशुभ्र पापड घालतात आणि मी खोकलो की त्यांवर तीळ पेरल्यासारखी काजळी बसते. मग त्या झाडू घेऊन कुंपणापाशी येतात आणि मला म्हणतात, "आग लागू तुज्या तोंडाला! खोकायचं तर तिकडं माळाकडं तोंड करून खोक की!" मला मान वळवता येत नाही हो. माझे तोंड नटबोल्टने बसवलेले आहे. हे त्यांना कसे सांगू?

अशात यंदाच्या उन्हाळ्यात गावाची डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी डीपी कधी येईल याचे उत्तर वीज कंपनीच्या ऑफिसात कोणीच देईना. टीव्ही बंद, पंखे बंद. सगळे गाव पाराच्या लिंबाखाली येऊन बसले. शिवशंकरच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करायचे आणि दिवसभर नेट मोजत बसायचे, दुसरा उद्योग नाही. माझी मात्र रात्रंदिवस धाप सुरू होती. गुंडाप्पाने शेवटचा कॅन माझ्या पोटात ओतला आणि कंत्राटदाराला फोन लावला. डिझेलची गाडी संध्याकाळपर्यंत येईल, असे उत्तर मिळाले.

आणि नेमका त्याच दिवशी सकाळी संघप्रियाचा इंटरव्ह्यू होता. संघप्रिया ही केशरबाईंची नात. आईबाप पुण्याकडे बांधकामावर, ही आजीपाशी राहून शिकली आणि लॅब टेक्निशियन झाली. लातूरच्या एका रक्तपेढीत जागा निघाली होती, मुलाखत फोनवर, व्हिडिओ कॉलने होती. याआधीचा तिचा एक इंटरव्ह्यू "तुमचा आवाज येत नाहीये" या एका वाक्यावर संपला होता. त्या दिवशी ती माझ्या कुंपणाशी येऊन रडली होती, कारण माझ्या आवाजात रडणे कोणाला ऐकू जात नाही. मला ऐकू गेले होते. म्हणून मी या वेळी ठरवले, की काय वाट्टेल ते होवो, छाती फुटली तरी चालेल, पण बंद पडायचे नाही.

बातमी अर्थातच गावभर झाली होती. केशरबाईंच्या नातीसाठी गावाचा जीव तुटत होता. शिवशंकर पारावर उभा राहून म्हणाला, "आपल्या पोरीचा इंटरव्ह्यू हाय. नेट कमी पडलं तर गावाची इज्जत जाईल. समद्यांनी आपापला फोन काढा अन् चेक करत ऱ्हावा. जिथं कमी पडंल तिथून आवाज द्या!"

मित्रांनो, इतक्या प्रेमाने कोणी कोणाचे वाटोळे केलेले मी मंगल कार्यालयातसुद्धा पाहिले नव्हते. साऱ्या गावाने एकाच वेळी काटे फिरवले. टॉवर वर कण्हायला लागला, मी खाली धापा टाकू लागलो. केशरबाईंच्या खिडकीतून मला दिसत होते, की संघप्रियाने आपले नाव सांगायला तोंड उघडले आणि समोरचे साहेब हात वर केलेल्या अवस्थेत पुतळ्यासारखे थिजले. बाहेरून कोणीतरी उत्साहाने ओरडले, "अकरा! फकस्त अकरा! परत लावा रे!"

संघप्रिया तशीच उठून पाराकडे पळाली. "काका, टेस्ट बंद करा! तुमच्यामुळंच अडकायलंय!"

शिवशंकर बावचळला. "आमच्यामुळं? आगं पोरी, आमी तर नुसतं मोजायलोत. मोजल्यानं कुटं कमी होतंय व्हय? आमी धरण रोज मोजतो, धरण आटलं का?"

"धरणाची पट्टी तुम्ही डोळ्यानं वाचता, काका. हे तसं न्हाय. धरणात पाणी किती ते बघायला समद्या गावानं घागरी भरभरून बाहेर सांडल्या, तर काय होईल?"

शिवशंकर हातातल्या काट्याकडे बघू लागला. एक म्हातारा हळूच म्हणाला, "आन् सांडलेलं पाणी कुनाच्या रानात बी जाईना." शिवशंकरने फोन खिशात घातला. सगळ्यांनी घातले. संघप्रिया परत घराकडे पळाली. साहेब अजून तिथेच होते आणि हलूही लागले होते. ते म्हणाले, "हां, आता आवाज येतोय. सुरू करूया." मी सुटकेचा निःश्वास टाकला, तो केशरबाईंच्या कुरडयांवर गेला.

पण गाव शेवटी गाव आहे. टेस्ट बंद केल्यावर नेट खरेच सुधारले का, ही शंका एकाच्या मनात आली. त्याने हळूच फोन काढला. ते शेजाऱ्याने बघितले आणि त्यालाही राहवेना. थोड्याच वेळात, टेस्ट बंद केल्याचा किती फायदा झाला ते बघण्यासाठी, साऱ्या गावाने मिळून टेस्ट लावली. साहेब पुन्हा थिजले. या वेळी त्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते. मग ते तुटक तुटक आवाजात म्हणाले, "ताई, अजून एकदाच जोडून बघू. नाही जमलं तर मग राहू द्या."

केशरबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकले. त्यांनी पापडांचे टोपले उचलले, होते नव्हते ते पापड बाजेवर उपडे केले आणि रिकामे टोपले कमरेवर घेऊन पाराकडे निघाल्या. मी आजवर त्यांची शिवी खाल्लेली आहे, त्यांचा झाडूही पाहिला आहे, पण असे गप्प चालताना त्यांना कधी पाहिले नव्हते. त्या एकेकापुढे टोपले धरून उभ्या राहिल्या. एकेक फोन टोपल्यात पडू लागला. शिवशंकर तेवढा मागे सरकला. "मावशी, माझा ऱ्हाऊ द्या की. म्या न्हाय लावत."

"शिवशंकर," केशरबाई म्हणाल्या, "माजं समदं आयुष्य दुसऱ्याच्या बांधावर गेलं. ह्या पोरीचं तसं जाऊ नये, एवढंच मागायले मी."

त्याने फोन टोपल्यात ठेवला आणि मान खाली घातली. केशरबाईंनी टोपल्यावर पदर टाकला आणि त्या तिथेच पारावर बसल्या. टॉवरचे कण्हणे थांबले. एवढ्यात माझ्या पोटात गुडगुडले. डिझेल तळाला गेले होते. मी एक गचका खाल्ला, दुसरा खाल्ला. गुंडाप्पाने कॅन उलटा करून हलवला, त्यातून फक्त वास आला. तो पाराकडे बघून ओरडला, "मरायलंय हे! डिझेल संपलं!"

शिवशंकर ताडकन उठला. त्याने आपल्या ट्रॅक्टरच्या टाकीत नळी घातली, तोंडाने ओढून डिझेल काढले आणि थुंकत थुंकत कॅन घेऊन पळत आला. चालू इंजिनात डिझेल ओतू नये, असे माझ्या अंगावरच लिहिलेले आहे. पण या गावात माझ्या अंगावरचे वाचतो कोण? गुंडाप्पाने ओतले. बिडी मात्र त्याने आधी विझवली, तेवढी अक्कल त्याला त्या दिवशी सुचली. मी तिसरा गचका खाता खाता सावरलो.

त्यानंतर इंटरव्ह्यू नीट झाला. संघप्रिया रक्तगटांबद्दल, तपासणीबद्दल असे भराभर सांगत होती, की मला त्यातले काही कळत नव्हते तरी अभिमान वाटत होता. साहेबांनी विचारले, "मागे आवाज कसला येतोय?" ती म्हणाली, "जनरेटर आहे, सर. गावात वीज नाहीये. त्याच्यामुळंच मी तुमच्याशी बोलू शकतेय." मित्रांनो, मला रडता येत असते, तर माझे डोळे भरून आले असते. मी जरा जास्तच मोठ्याने घरघरलो आणि तिला खिडकी लोटून घ्यावी लागली.

हातात फोन नसल्याने गावाला काय करावे ते सुचेना. मग सगळे चोरपावलांनी केशरबाईंच्या अंगणात आले आणि लोटलेल्या खिडकीला कान लावून उभे राहिले. शेवटी साहेब खूश होऊन म्हणाले, "वीज नसताना सुद्धा नंतर तुमच्याकडं नेट अगदी छान चाललं हो. स्पीड किती मिळतो?"

 तो आकडा ऐकायला अंगणातले सारे गाव आसुसले होते. शिवशंकर तर टाचा उंचावून उभा होता.

"मोजला नाही, सर," संघप्रिया म्हणाली. "तुम्ही दिसताय, ऐकू येताय. तेवढं पुरतं."

तिला ती नोकरी लागली. पण मला तुम्हाला सांगायचे आहे ते वेगळेच आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कथा सांगतात आणि शेवटी म्हणतात, आम्हाला वापरा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी तसे म्हणणार नाही. नेट बिघडले असेल तर खुशाल एकदा मोजा, पण चालत असेल तर त्याला चालू द्या. तुमच्या हातात काटा फिरतो तेव्हा कुठेतरी कोणाचे तरी धुराडे पेटलेले असते आणि त्या धुराड्याखाली कोणाचे तरी अंगण असते. मला कमी राबवा. जमले तर माझी गरजच पडू देऊ नका. माझ्यावर गंज चढला, पाखरांनी घरटे केले, गुंडाप्पासुद्धा मला विसरला, तर मी समजेन की या गावात माझे काम चांगले झाले.